निबंधाचे आठ गुण आणि हरणाबाईंची चाती

मार्च उजाडला की आमच्या गल्लीत राणीबाईंच्या घरी ‘पाव्हणं’ यायचं. हा शब्द पहिल्यांदा कुणी वापरला ते मला माहीत नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा जाड पांढऱ्या कापडात शिवलेला असायचा, शिवणीवर लाखेचे ठिपके. तो कुणाकडे तपासायला आहे हे बाहेर कळता कामा नये, असा नियम. पण म्हसवडच्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी कुठलं कालवण शिजतंय हेसुद्धा दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक असे. मग गल्लीनंच त्यातून वाट काढली होती. बाईंच्या दाराची एक झडप लोटलेली दिसली की माझी आई समोरच्या सुलाबाईंना म्हणायची, “पाव्हणं आल्यात वाटतं.” सुलाबाई म्हणायच्या, “मग चटणी कुटायचं ऱ्हाऊ द्या चार दिस.” तेवढ्यावर विषय संपायचा. त्या दिवसांत बाईंच्या दारात कुणी मोठ्यानं हाका मारत नसे आणि कुणी साखर-पीठ मागायलाही जात नसे.

आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती. वर पत्रा, त्यामुळे भिंतीचा वरचा हातभर भाग मोकळा. त्या फटीतून त्यांच्याकडचा फोडणीचा वास आमच्याकडे यायचा आणि आमच्याकडचा रेडिओ त्यांच्याकडे जायचा. मार्चच्या दुपारी त्याच फटीतून बाईंचा आवाज यायचा. शांत, एका चालीचा, मधूनच खाकरून पुन्हा सुरू होणारा. कुठल्यातरी लांबच्या गावच्या, आम्ही कधी न पाहिलेल्या पोरांचे निबंध मी अशा भिंतीआडून ऐकले. परीक्षेच्या निबंधात कुणी जत्रेत हरवलेलं असायचं, कुणाची म्हैस विहिरीत पडलेली असायची. मी जात्याजवळच्या चटईवर पडून ऐकायचे आणि ऐकता ऐकता झोपायचे. म्हशीचं पुढं काय झालं, हे पुष्कळदा राहूनच जायचं.

राणीबाई हायस्कुलात मराठी शिकवत. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. अंगानं सडपातळ, साडीचा पदर कायम खोचलेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनानं पडलेला घट्टा. वर्गात त्या शुद्ध बोलायच्या आणि शाळेचं फाटक ओलांडलं की आमच्यासारख्या. यात त्यांना काही विशेष वाटत नसे. “चपला बदलाव्या तसं हाय ते,” असं एकदा म्हणाल्या होत्या.

त्यांचं घराणं मेंढरांचं. सासरे होते तोवर दिवाळी झाली की कळप घेऊन घाटाकडे निघायचे, ते पाटणच्या खोऱ्यापर्यंत, कधी मेढ्याच्या डोंगरापर्यंत. सासूबाई हरणाबाई त्या वाटा आयुष्यभर चालल्या. सासरे गेल्यावर कळप विकला. धाकटा दीर तानाजी पुण्याला कंपनीत लागला. दारात दोन म्हाताऱ्या मेंढ्या राहिल्या, त्या विकायला हरणाबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. बाईंचे यजमान भाऊसो गलाईच्या कामाला केरळात होते. आमच्या भागातली निम्मी माणसं सोनं गाळण्याच्या त्या धंद्यात देशभर पांगली आहेत. तेजाबाच्या धुरानं भाऊसोंची छाती धरली आणि ते परत आले. घराला लागूनच त्यांनी पिठाची गिरणी टाकली. गिरणीचा हप्ता बाईंच्या पगारातून जाई, घरही त्यातच चाले. लेक अंकिता सांगलीला नर्सिंगला होती. तिच्या वसतिगृहाचे पैसे मात्र पगारातून निघत नसत. ते निघत पेपरच्या पैशातून.

हे पैसे फार नसत आणि वेळेवर तर कधीच येत नसत. मार्चमध्ये तपासलेल्या पेपरांचे पैसे दिवाळीच्या तोंडाला यायचे. पण यायचे, आणि अंकिताच्या दुसऱ्या सहामाहीला बरोबर उपयोगी पडायचे. “ह्येवढं एक काम सुटलं तर पोरगी घरी बसंल,” असं बाई माझ्या आईला म्हणाल्याचं मला आठवतं. तेव्हा त्या दळणाचा डबा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आज वार कुठला ते सांगावं तसं त्या सांगत होत्या.

मार्च-एप्रिलात सकाळची शाळा. बाई उन्हाच्या आधी जाऊन ऊन डोक्यावर आलं की परत यायच्या. भाकरी खाऊन, फरशी ओल्या फडक्यानं पुसून, पाटावर गठ्ठा ठेवून बसायच्या. त्यांची एक पद्धत होती. एक पेपर पूर्ण तपासून दुसरा घ्यायचा, असं त्या करत नसत. आधी सगळ्या पेपरांतला पहिला प्रश्न, मग सगळ्यांतला दुसरा. एकाच प्रश्नाला सगळ्यांना एकच माप लागतं, असं त्यांचं म्हणणं. निबंध सगळ्यात शेवटी यायचा. निबंधाला आठ गुण. तोवर दुपार चढलेली, पत्रा तापलेला, डोळे मिटायला लागलेले. झोप येऊ नये म्हणून बाईंनी निबंध मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. त्यात दुसरा काही हेतू नव्हता.

मधल्या दाराच्या पलीकडे हरणाबाई भिंतीला टेकून लोकर कातत बसलेल्या असायच्या. लोकर त्यांच्याच दोन मेंढ्यांची. हातातली चाती, म्हणजे लाकडाची छोटी भिंगरी, मांडीवर घासून त्या सोडून द्यायच्या आणि ती भुर्रर्र करत फिरत खाली जायची. बाईंचं वाचणं आणि चातीचं फिरणं, असे दोन आवाज शेजारी शेजारी चालायचे. एका दुपारी बाई एक निबंध संपवून पुढच्याकडे वळल्या, तशी दारापलीकडून हरणाबाई म्हणाल्या, “आगं राणे, त्या कोकराचं काय झालं?”

“कुठल्या कोकराचं, आत्या?”

“आता वाचलंस की. वड्यातनं वाहून चाललेलं.”

“सापडलं. शेवटच्या वळीत.”

“मग त्ये सांगायचं सोडून गप कशी बसलीस?”

शेवटची ओळ बाईंनी मनात वाचली होती. ती त्यांनी पुन्हा मोठ्यानं वाचली. त्या दिवसापासून हरणाबाईंची शाळा सुरू झाली, असं भाऊसो म्हणायचे. आयुष्यात कधी पाटीला हात न लावलेली त्यांची आई मार्च महिन्याची वाट बघायला लागली. “पाव्हणं कवा येणार?” असं ती संक्रांतीपासूनच विचारायची.

ही सगळी पोरं हरणाबाईंच्या घरची झाली होती. कोण कुठलं हे त्या स्वतःच ठरवून टाकायच्या आणि ते खरं की खोटं हे सांगायला कुणीच नव्हतं. “ही पाटणाकडची. पावसाची सवय असल्याबिगर कुणी असं लिवंल का?” किंवा, “ह्येच्या घरात दूध हाय, पण प्यायला न्हाई. समदं डेरीला जातंय.” बाई हसायच्या. “आत्या, त्यो पेपर मुंबईचाबी असंल.” त्यावर हरणाबाई म्हणायच्या, “असंल तर असू दे. त्येच्या आज्याचं गाव इकडंच.”

गुण किती द्यायचे यात त्यांनी कधी तोंड घातलं नाही. बाईंनी तशी ताकीदच दिली होती आणि हरणाबाईंनी ती पाळलीही. पण निबंध आवडला की चाती थांबायची. भुर्रर्र थांबून खोलीत नुसता बाईंचा आवाज उरायचा. आमच्या बाजूला, चटईवर पडल्या पडल्या, मलाही ते कळायचं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी साताऱ्याहून, कॉलेजातून, सुट्टीला घरी आले होते. त्या वर्षी निबंधाला तीन विषय होते. एक, मोबाइल नसता तर. दुसरा, माझा आवडता खेळ. तिसरा, एका मुक्या प्राण्याचे मनोगत. बाईंनी गठ्ठा तपासला, बेरजा दोनदा करून पाहिल्या आणि तो सांगलीला नियामकांकडे पोहोचवला. परीक्षकानं तपासलेल्या गठ्ठ्यातले काही पेपर नियामक पुन्हा बघतात, माप बरोबर आहे का ते पाहतात. त्या वर्षीचे नियामक हंबीरराव सर. सगळे त्यांना वचकून असत. आवाज चढवत नसत, पण त्यांच्याकडून आलेला फोन शिक्षक उभं राहून घेत.

बाईंनीही उभं राहूनच घेतला. शनिवारी स्वतः या, एवढंच ते म्हणाले.

दिघंची, आटपाडी, भिवघाट, तासगाव करत एसटीनं बाई सांगलीला पोहोचल्या. हंबीरराव सरांच्या घरी जेवणाच्या टेबलावर बाईंचे पेपर मांडलेले होते. तीन ढीग. तिथं काय झालं ते बाईंनी नंतर आईला सांगितलं, मी तिथंच भाजी निवडत बसले होते.

सरांनी पहिल्या ढिगावर हात ठेवला. “हे प्राण्यावरचे. सहा, सात, सात, सहा. मेंढी असली तर सहा-सात ठरलेले.” मग दुसऱ्या दोन ढिगांवर. “हे मोबाइलवरचे, हे खेळावरचे. चार, चार, चार, तीन. एखादा पाच.”

बाई ढिगांवर वाकून आकडे बघू लागल्या.

“बाई, तुमच्याकडं मेंढ्या आहेत का?”

“दोन आहेत, सर.”

“वाटलंच मला.” ते हसले नाहीत. “तुमच्या बेरजेत चूक नाही. व्याकरणाचे गुण अगदी काटेकोर आहेत. पण निबंधात तुमचा काटा एका बाजूला झुकलाय. प्राण्याला पोटभर आणि माणसाच्या पोराला उपाशी, असं चालणार नाही. गठ्ठा परत घेऊन जा. सगळे निबंध पुन्हा बघा. बुधवारी आणून द्या. तेव्हाही असंच दिसलं तर मला अहवालात लिहावं लागेल. मी लिहिलं, की पुढच्या वर्षी तुम्हाला पेपर येणार नाहीत. मला ते करायची हौस नाही.”

परतीच्या गाडीत गठ्ठा मांडीवर होता. अंकिताचं वसतिगृह तिथून जवळच होतं, पण बाई तिला न भेटताच गाडीत बसल्या. “तिला काय सांगू, असं झालं,” त्या म्हणाल्या. अंकिताची अजून दोन वर्षं राहिली होती.

रविवारी सकाळी बाईंच्या घराच्या दोन्ही झडपा लागल्या. मधलं दारही लागलं. भिंतीच्या फटीतून आवाज आला नाही. हरणाबाई नेहमीच्या जागी, आता बंद दाराला टेकून, लोकर कातत बसल्या. दुपारी त्यांनी एकदा दारावर थाप मारली.

“राणे, बरं न्हाई का तुला?”

“बरी हाय, आत्या.”

“मग वाचंनास ते?”

“आज मनातच वाचाय पाहिजे.”

हरणाबाई उठून बाहेर आल्या आणि आमच्या ओट्यावर बसल्या. आई त्यांना चहा द्यायला गेली. “सून रुसली काय?” आईनं थट्टेनं विचारलं. त्या म्हणाल्या, “रुसली असती तर भांडी आपटली असती. ही गप हाय.” त्यांनी चहा बशीत ओतला आणि बशी तशीच धरून ठेवली.

आत बाईंचं काही पुढं सरकत नव्हतं. मेंढीवरचे निबंध काढून त्यांनी एकेक गुण कमी करायचा ठरवला. पण वाचायला घेतलं की सात ठीकच वाटायचे. मग मोबाइलवरचे काढले. तेही मनातल्या मनात भराभर वाचले आणि चारच बरोबर वाटले. संध्याकाळी भाऊसोंनी गिरणी बंद करून आत डोकावलं, तर बाई गठ्ठ्यासमोर नुसत्या बसलेल्या.

“सगळ्याला पाच पाच देऊन टाक,” भाऊसो म्हणाले. “आमच्या गिरणीत असंच असतंय. कुणाचं जाड, कुणाचं बारीक, पैसे एकच.”

“आवं, तुमी पीठ झटका जावा आधी.”

सोमवारी शाळेतून आल्यावर बाईंनी मधलं दार उघडलं. हरणाबाईंना त्यांनी समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सांगलीचे सर, तीन ढीग, बुधवार, पुढच्या वर्षी पेपर न येणं, अंकिताचं वसतिगृह. त्या दिवशी झडप उघडी होती आणि मी दळण द्यायला गेलेली. मी परत फिरले, तर बाई म्हणाल्या, “बस गं. तुझ्यापासनं काय लपलंय?”

हरणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी कवा म्हणलं, ह्येला जास्त दे म्हणून?”

“तुमी न्हाई म्हणला, आत्या. तुमची चाती थांबती.”

“थांबती म्हंजी?”

“मेंढराचं आलं की थांबती. ती थांबली की मला वाटतंय, ह्यो चांगलाच हाय. आन् मग माझा हात वाढतोय. मलाबी कळलं न्हाई इतकी वर्षं.”

हरणाबाई हातातल्या चातीकडे बघत राहिल्या. धाग्याचं टोक त्यांनी चातीला गुंडाळलं, दोन वेढे दिले आणि ती उठून फडताळात ठेवली. परत येऊन बसल्या. त्यांचे हात मांडीवर रिकामे पडले. मी त्यांचे हात रिकामे असे त्याआधी पाहिले नव्हते. सुरकुतलेले, नखांत लोकरीचा पांढुरका तेलकटपणा असलेले हात, कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखे.

“आता वाच. मी तोंडबी उघडत न्हाई,” त्या म्हणाल्या.

“कुठला?”

“ज्यांला कमी दिलंस त्ये. समदे.”

बाईंनी मोबाइलवरचे पेपर घेतले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एक झाला, दुसरा झाला. बरेचसे एकसारखेच होते. मोबाइलमुळे जग जवळ आले आहे, पण मोबाइलचे दुष्परिणामही आहेत. हरणाबाईंच्या पापण्या जड झाल्या.

“ह्ये समदं एकाच मास्तरानं सांगितलेलं दिसतंय,” त्या म्हणाल्या.

“आत्या, बोलायचं न्हाई ठरलंय न्हवं?”

“बरं बाई.”

त्या निबंधांचे चार गुण चारच राहिले. खेळावरचे घेतले. एका पोरानं क्रिकेटवर लिहिलं होतं आणि त्यात त्याचा कुठलाही सामना नव्हता. त्यांच्या वाडीत आता खेळायला पोरंच उरली नाहीत, सगळी शहराला गेली, म्हणून तो एकटाच भिंतीवर चेंडू मारतो आणि परत आलेला चेंडू मारतो. भिंत कधी बाद होत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. बाईंनी आधी दिले होते चार. शुद्धलेखन कच्चं, परिच्छेद नाहीत.

ते वाक्य वाचून बाई थांबल्या. त्यांनी हरणाबाईंकडे पाहिलं नाही. हरणाबाईंनीही काही खूण केली नाही, त्या उंबऱ्याकडे बघत बसल्या होत्या. बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं, आता जरा हळू.

पुढे मोबाइलवरचा एक मागे राहिलेला निघाला. एका मुलीचे वडील सैन्यात, बर्फात कुठंतरी. मोबाइल नसता तर बाबांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात हे ते घरी येईपर्यंत मला कळलं नसतं, असं तिनं लिहिलं होतं. आधी आणि नंतर तेच ठरलेलं, जग जवळ आले आहे. मधोमध हे एक वाक्य. बाई वाचता वाचता त्या वाक्यापाशी आल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आत्या, मी मेंढरांला जास्त दिलं असं सर म्हणाले,” त्या म्हणाल्या. “तसं न्हवतं. मेंढरांचे तुमाला आवडायचे म्हणून ते आधी काढून मोठ्यानं वाचून दावले. मग घसा बसायचा. बाकीचे नुसते नजरंखालनं घातले.” पेपरावर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्ये मी वाचलंच नव्हतं. खूण केलीया मी ह्येच्यावर, सही हाय माझी. पर वाचलं न्हवतं.”

हरणाबाई एवढंच म्हणाल्या, “मग आता वाच की. बुधवार लांब हाय अजून.”

सोमवारची दुपार, मंगळवारची दुपार. मंगळवारी बाईंनी शाळेत अर्धी रजा टाकली. सगळे निबंध मोठ्यानं वाचले गेले, एकही मनात नाही. घसा बसला तेव्हा सुलाबाईंनी सुंठ घातलेलं दूध पाठवलं. कशासाठी ते विचारलं नाही. मेंढीवरच्या निबंधांचीही पाळी आली. त्यांतले काही खरोखर सातचे होते, ते तसेच राहिले. काही मात्र नुसत्या मेंढीच्या नावावर तरले होते. एकात मेंढी दुपारभर हंबरत होती.

“हंबरतीया?” हरणाबाईंना राहवलं नाही. “मेंढरू कवा हंबरलंय? गाय बांधलीय त्येनं आन् मेंढी म्हणून इकतोय.”

“आत्या, गप.”

“गप तर गप. पर ह्येला तू सात दिलंस व्हय?”

“सहा.”

“तरीबी.”

त्याचे चार झाले. मला आठवतं, बाईंनी तो आकडा खोडून नवा लिहिला आणि बाजूला सही केली तेव्हा हरणाबाई हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवून. मांडीवरचे हात एव्हाना निवांत झाले होते. बहुधा त्या दोन दिवसांत त्यांनाही काहीतरी नवं सापडलं असावं. मोबाइलच्या आणि क्रिकेटच्या निबंधातली पोरंही त्या आता वाटून घेऊ लागल्या होत्या. भिंतीवर चेंडू मारणाऱ्याला त्यांनी माणदेशातच ठेवलं. मिशांवाल्याच्या लेकीला मात्र कुठलं गाव द्यावं हे त्यांना ठरवता आलं नाही. “ती कुठलीबी असू दे,” त्या म्हणाल्या.

बुधवारी पहिल्या गाडीनं बाई सांगलीला गेल्या. हंबीरराव सरांनी तिन्ही ढीग पुन्हा लावले आणि ते वाचत बसले. त्यांच्या पत्नीनं ताक आणून ठेवलं. बाईंनी ते हातात धरलं, प्यायल्या नाहीत. सर एकेक पेपर वाचून उपडा ठेवत होते. क्रिकेटच्या पेपरावर ते बराच वेळ थांबले.

“याला आधी चार होते.”

“हो सर.”

“आता सहा. का?”

बाईंनी त्यांना ते वाक्य दाखवलं. सरांनी चष्मा वर करून वाचलं. मग मोबाइलचा ढीग, मग प्राण्यांचा. तिन्ही ढिगांतल्या वाढवलेल्या दोन पेपरांवर त्यांनी स्वतःच्या पेनानं अर्धा अर्धा गुण कमी केला, एकावर वाढवला. बाकीचे तसेच ठेवले.

“काय केलंत या वेळी?” त्यांनी विचारलं.

“मोठ्यानं वाचले, सर. सगळे.”

“एकट्यानं?”

इथं आपण खोटं बोलू शकलो असतो, असं बाई आईला म्हणाल्या. हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पेपर घराबाहेर जाऊ नयेत, कुणाला दाखवू नयेत, हा नियम त्यांना पाठ होता. पण सरांसमोरचे पेपर बाईंनी नुकतेच एकेक मोठ्यानं वाचून तपासले होते, आणि त्या पेपरांवर खोटं बोलायला जीभ उचलेना.

“घरात सासूबाई असतात,” त्या म्हणाल्या. “पलीकडे बसतात. त्यांच्या कानावर पडतं.”

सरांनी पेन बंद केलं. “त्यांना वाचता येतं?”

“नाही, सर.”

“पेपरावरचा नंबर, केंद्र?”

“ते झाकलेलं असतं. मीसुद्धा बघत नाही.”

हंबीरराव सरांनी उपडे ठेवलेले पेपर गोळा केले. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांनी गठ्ठ्यावर सही केली आणि गठ्ठा बाजूला ठेवला. “अहवालात लिहिण्यासारखं काही नाही,” ते म्हणाले. “पण दार लावून वाचत जा. उन्हाळ्यात आवाज लांब जातो. आणि ताक प्या, गरम झालं असेल ते.”

त्या दिवशी बाई अंकिताला भेटल्या. दोघींनी बसस्टँडवर भेळ खाल्ली. काय झालं होतं ते तिला सांगितलं नाही. नुसतं, कामासाठी आले होते, एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर हरणाबाईंनी विचारलं, “पेपराचं काम ऱ्हायलं का तुज्याकडं?”

“ऱ्हायलं, आत्या.”

“मग झालं.” आणि थोड्या वेळानं, “त्या भिंतीवाल्या पोराचं?”

“सहाच ऱ्हायले.”

पुढच्या वर्षी पेपर आले, त्याच्या पुढच्या वर्षीही आले. मी तेव्हा एम.ए.ला होते, सुट्ट्या कमी असायच्या, तरी मार्चमधला एखादा रविवार मी जमवायचेच. दोन्ही झडपा आता लोटलेल्या असत. सरांनी सांगितलं तसं बाई दार लावून वाचत. पत्र्याखालची फट मात्र कुणी बुजवली नाही, त्यामुळे आमचं ऐकणं चालूच राहिलं. आईनं एकदा वर बघून विचारलं होतं, “पोतं कोंबावं का गं तिथं?” आणि मग आम्ही दोघींनीही तो विषय पुढं नेला नाही. निबंधाची वेळ आली की हरणाबाई आठवणीनं चाती फडताळात ठेवून यायच्या. दुपारी वारा नसला की त्या खोलीत बाईंच्या आवाजाशिवाय काहीच ऐकू यायचं नाही, आणि सगळे निबंध सारखेच वाटेनात. प्रत्येकात कुठंतरी एखादी ओळ असायची, जी कुणी शिकवलेली नसायची.

गेल्या मार्गशीर्षात हरणाबाई गेल्या. दुखणं असं फारसं झालं नाही, दोन दिवस अंगात कसर होती. दोन्ही मेंढ्या तानाजीनं नात्यातल्या एका कळपात नेऊन सोडल्या. अंकिता आता मिरजेला एका दवाखान्यात नोकरीला आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती घरी पैसे पाठवते.

या मार्चमध्ये मी घरी होते. पोस्टमन येऊन गेला आणि बाईंच्या झडपा लोटल्या गेल्या. मी दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेले, तर मधल्या दारातून नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं. भाऊसोंच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या आणि ते दाराला टेकून उभे होते.

“आता कशाला घेतलंस ह्ये?” ते म्हणत होते. “अंकी कमावती. डोळं चालल्यात तुझं. न्हाई म्हणायचं सरळ.”

“न्हाई म्हणायला काय, एक कागूद लिवायचा.”

“मग लिव की.”

“तुमाला दळण हाय का आत्ता?”

“ह्या पोरीचं हाय. होतंय सावकाश.”

“मग बसा तिथं खाली.”

भाऊसोंनी माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि हरणाबाईंच्या जागी, भिंतीला टेकून, फतकल घालून बसले. मी डबा ठेवून उंबऱ्यातच उभी राहिले. बाईंनी चष्मा पुसला, पेपर उघडला आणि वाचायला लागल्या. विषय होता, माझ्या गावचा बाजार. पोरगं बाजाराच्या दिवशी आईबरोबर भाजी विकायला बसत होतं. उरलेली मेथी कुणाला द्यायची हे आई कसं ठरवते, ते त्यानं लिहायला घेतलं होतं.

अर्ध्यात आल्यावर भाऊसो म्हणाले, “पास करून टाक ह्येला. चांगलं पोरगं दिसतंय.”

“गप बसा,” बाई म्हणाल्या. “अजून ऐकून झालं न्हाई.”